सुभेदारांची गोळी परेड

मी मुलींच्या निवासी शाळेत नर्स आहे. मुली मला सिस्टर म्हणतात, पालक नर्सबाई म्हणतात आणि आमचे सुभेदार मला ‘मेडिकल’ म्हणतात. “मेडिकल, जरा इकडं या.” आता माणसाला कुणी अशी हाक मारतं का? पण त्यांची उभी हयात फौजेत गेली. आचाऱ्याला ते ‘लंगर’ म्हणतात आणि मुख्याध्यापिका बाईंना ‘कमांड’. तेव्हा मला वेगळं वाईट वाटून घ्यायचं कारण नव्हतं, तरी मी घ्यायचे.

मूळची मी सांगलीची. तिथं एका खाजगी दवाखान्यात वीस वर्षं काढली आणि शेवटी डॉक्टरांशी भांडून राजीनामा त्यांच्या टेबलावर आपटला. माझा स्वभाव तसाच आहे, लपवण्यात अर्थ नाही. मग वडूजच्या अलीकडं माळावर असलेल्या या शाळेत आले. पाचवी ते दहावीच्या पोरी, एक आजारी खोली, दोन खाटा आणि एक कपाट. म्हटलं, चला, आता निवांत. ताप आला की गोळी, खरचटलं की पट्टी.

कपाळ माझं! पहिल्याच रविवारी पालक भेटायला आले आणि डब्याडब्यांतून औषधं निघायला लागली. एकीच्या आईनं सरबताच्या बाटलीत खोकल्याचं औषध आणलं होतं आणि तिच्या धाकट्या भावानं वाटेत त्यातलं अर्धं सरबत समजून पिऊन टाकलं होतं. एकीच्या बापानं दोन पांढऱ्या गोळ्या माझ्या हातावर ठेवल्या आणि सांगितलं, “ही सकाळची, ही संध्याकाळची.” दोन्ही गोळ्या हुबेहूब सारख्या. मी विचारलं, ओळखायच्या कशा? तर म्हणाला, “पोरीला म्हाईत हाय.” एका आजीनं वर्तमानपत्रात बांधलेली तपकिरी पूड दिली. “आजी, कशावरचं औषध हे?” “समद्यावरचं.”

त्याच दिवशी मी नियम काढला. गोळीचं पाकीट अख्खं हवं, सोबत डॉक्टरची चिठ्ठी हवी आणि पाकिटावर चिकटपट्टी लावून पोरीचं पूर्ण नाव हवं. हा नियम मी इतक्या कडकपणानं पाळला की पालक मला घाबरायला लागले. मला बरंच वाटलं.

गोळ्या कपाटात आल्या, पण पोरींच्या पोटात जाईनात. गालात धरायच्या, पाणी प्यायच्या, “घेतली सिस्टर” म्हणायच्या आणि बाहेर जाऊन थुंकायच्या. कडीपत्त्याच्या कुंडीत एकदा मला लोहाच्या सात गोळ्या सापडल्या. तो कडीपत्ता मात्र काय फोफावला होता! हे मी जेवताना सहज बोलले आणि सुभेदारांच्या कानावर गेलं. त्यांच्याकडं शाळेची शिस्त आणि खेळ. ते ताठ उठून उभेच राहिले. म्हणाले, “मेडिकल, उद्यापास्नं गोळी परेड.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रार्थना झाल्यावर औषधवाल्या बारा पोरी रांगेत उभ्या. गोळी तोंडात, पाणी, गिळा. मग सुभेदारांचा आवाज, “जीभ बाह्येर! जीभ वर! डावा गाल! उजवा गाल! जैसे थे!” खरं सांगते, वीस वर्षांत मला जे जमलं नव्हतं ते या माणसानं तीन मिनिटांत करून दाखवलं. एकही गोळी वाया गेली नाही. मी कौतुकानं बघत होते, तेवढ्यात त्यांनी माझी वही उचलली आणि मोठ्यानं हजेरी सुरू केली. “दम्याचा पंप, एक पाऊल पुढं! जंत, एक पाऊल पुढं!”

जंतवाली पोरगी सातवीतली. ती तिथंच भोकाड पसरून बसली. उरलेल्या शाळेनं जेवणाच्या ताटांवरून माना वळवल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वही हिसकावून घेतली आणि सगळ्यांसमोर म्हटलं, “सुभेदार, आजार काय गावच्या पारावर सांगायची गोष्ट आहे का? तुमचं मूळव्याधीचं मलम वाचून दाखवू का मी मोठ्यानं?” तसं काही मलम माझ्याकडं नव्हतं. मी आपलं अंधारात दगड मारला होता. पण ते अशा घाईनं मैदानाकडं निघून गेले की तो बरोबर लागला असावा. त्यानंतर परेड राहिली, वही मात्र पुन्हा कुणाच्या हाती दिली नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये आठवीत एक नवी पोरगी आली. वडील फौजेत, आई शिरवळला एका कंपनीत पॅकिंगला, घर लोणंदकडच्या एका गावात. आईनं तिला माझ्याकडं आणलं, आजारी खोलीचं दार लावलं, कडी घातली आणि खिडकीसुद्धा लोटली. मग लाडवांच्या डब्यात तळाशी ब्लाऊजपीसमध्ये गुंडाळलेली पाकिटं बाहेर काढली.

“हिला ते येतं,” आई कुजबुजली.

“ते म्हणजे?”

“ते वो.”

“अहो बाई, ‘ते’ला मी औषध कसं देऊ?”

शेवटी चिठ्ठी वाचली. पोरीला फिट यायची. साताऱ्याच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ एकेक गोळी दिली होती आणि ती चालू झाल्यापासून दीड वर्षात एकदाही फिट आली नव्हती. चिठ्ठीत स्वच्छ लिहिलं होतं, गोळी एकदाही चुकवायची नाही. खेळायला हरकत नाही. पाण्यात एकटीनं उतरायचं नाही. इतकी साधी गोष्ट होती. पण आईच्या डोळ्यांत पाणी होतं. आधीच्या शाळेत वर्गात फिट आली तेव्हा कुणी नाकाला कांदा लावला, कुणी चप्पल हुंगवली. नंतर वर्षभर पोरं तिला ‘कांदा’ म्हणून हाक मारत होती. पोरीनं शाळाच सोडली.

“बाई, हितं कुणाला कळता कामा न्हाई,” आई म्हणाली. “मुलखात बोभाटा झाला की जन्माचं चिकटतं. ज्या दिवशी कळंल, त्या दिवशी मी हिला घरी न्हेणार. मग शाळा बी नको आन् काय बी नको.”

पोरगी मध्येच पुढं झाली. ती म्हणाली, “सिस्टर, मला खो-खो खेळायचाय.” आईकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. असं बघितलं की माझं काही चालत नाही.

मोठ्या बाईंना आणि वसतिगृहाच्या मावशींना सांगणं भागच होतं, ते सांगितलं. सुभेदारांना सांगायचं नाही असं आईनं देवाची शपथ घालून सांगितलं, कारण त्यांची बहीण नेमकी तिच्याच गावात दिली होती. सुभेदारांच्या पोटात फौजेचं गुपित राहत असेल, गावचं राहत नाही. मग सरावाला मीच खुर्ची टाकून मैदानाकडेला बसायला लागले. सुभेदारांना वाटलं मला खो-खोची गोडी लागली. ते मला नियम समजावून सांगायचे आणि मला ऐकून घ्यावं लागायचं.

आता घोडं अडलं ते परेडपाशी. त्या बारा जणी कशाकशासाठी उभ्या राहतात हे शाळेतल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. तेरावी उभी राहिली की “तुला काय झालंय गं?” हे ठरलेलं. वेगळी बोलावून द्यावी तर “सिस्टर हिलाच खोलीत का बोलवतात?” हे त्याहून वाईट. मी दोन दिवस डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी माझ्या पिशवीत सांगलीहून आणलेली आवळ्याच्या गोळ्यांची बरणी दिसली. छोट्या, काळ्या, वरून साखर लावलेल्या. प्रवासात मळमळतं म्हणून मी बाळगते.

संध्याकाळी मी जाहीर केलं, “खो-खोच्या पंधरा पोरींना उद्यापासून सकाळ-संध्याकाळ ताकदीची गोळी.”

खोटं बोलले. चांगलं दणकून बोलले. कागदाच्या चिमुकल्या पेल्यांत प्रत्येकीला एक काळी गोळी, आणि नव्या पोरीच्या पेल्यात काळीच्या खाली तिची पांढरी. तिचा पेला मी स्वतःच्या हातानं द्यायचे आणि ती गिळेपर्यंत डोळा हलवायचे नाही. सगळ्या एकदम तोंडात टाकायच्या, सुभेदार ओरडायचे, “जीभ बाह्येर!” आणि पंधरा काळ्या जिभा बाहेर यायच्या. कुणाला काही कळलं नाही. मी माझ्या हुशारीवर इतकी खूष झाले की त्या रविवारी स्वतःलाच दोन गोळ्या जास्तीच्या दिल्या.

पण अति तिथं माती. पोरी जिंकायला लागल्या. आधी आसपासच्या शाळांशी, मग तालुक्यात. नवी पोरगी तर अशी पळायची की पाठलाग करणारीला तिची वेणी तेवढी दिसायची. आणि पोरींनी ठरवून टाकलं की हे सगळं गोळीमुळं. एकीला पेपरच्या दिवशी दोन हव्या होत्या. कबड्डीच्या पोरींनी मोठ्या बाईंकडं अर्ज दिला की आमच्यावर अन्याय होतोय. स्वयंपाकाच्या मावशी येऊन म्हणाल्या, “आवं सिस्टर, पीठ मळताना खांदा लय भरून येतोय, एक द्या की.” शेवटी एके दिवशी स्वतः सुभेदार आले, दार हळूच लोटलं आणि इकडंतिकडं बघून म्हणाले, “मेडिकल, ती ताकदीची गोळी... गुडघ्यावर चालंल का?”

मी म्हटलं, चालंल. काय सांगणार होते? आठ दिवसांनी ते पायऱ्या चढून वर आले आणि माझ्यासमोर बैठका मारून दाखवल्या. “फरक हाय गड्या!” ते इतके खूष होते की मला गड्या म्हणतायत हेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

जिल्ह्याचे सामने साताऱ्यात होते. आम्ही शेवटच्या सामन्यापर्यंत पोचलो आणि समोर लांबच्या तालुक्यातली एक शाळा होती, आदल्या वर्षीची विजेती. नव्या पोरीची आई कंपनीतून सुट्टी काढून आली होती. मैदानाकडेला झाडाखाली डबा मांडीवर घेऊन बसली होती, आणि दर पाच मिनिटांनी माझ्याकडं बघायची. मी मान हलवून सांगायचे, सगळं ठीक आहे. सकाळची गोळी मी साडेसातला स्वतः दिली होती.

सामन्याआधी सुभेदार त्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांसोबत चहा प्यायला गेले. तिथं त्यांची छाती फुगली. मी नंतर ऐकलं ते असं, की त्या सरांनी विचारलं, तुमच्या पोरी एवढ्या पळतात कशा? आणि आमचा हा शहाणा माणूस अभिमानानं म्हणाला, “पळत्यात कशा म्हंजी? आमचं मेडिकल त्यांना सकाळ-संध्याकाळ गोळी देतंय!”

झालं. शिट्टी व्हायच्या आत ते सर पंचांकडं गेले आणि तक्रार केली. या पोरी औषधं घेऊन खेळतात, यांना बाद करा. पोरी चौकात बसायच्या तयारीत होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. दोन्ही शाळांची पोरं, पालक, सगळे आत सरकले. मुख्य पंचांनी मला बोलावलं. सुभेदारांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना आत्ता कळलं होतं की आपण काय बोलून बसलो.

मी ताठ गेले. बरणी काढली, झाकण उघडलं आणि पंचांच्या नाकासमोर धरली. “आवळा आहे. खाऊन बघा.” त्यांनी खाल्ली. मग विचार करून आणखी एक खाल्ली. म्हणाले, “आवळाच आहे.” तिथंच संपलं असतं. पण ते सर माझ्या पिशवीत डोकावत होते. “आन् ते पाकीट कशाचं?”

“माझं आहे.”

“यावर तर पोरीचं नाव हाय.”

चिकटपट्टी. पूर्ण नाव. माझाच नियम. स्वतःच्या हातानं मी ते टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, चष्मा नसला तरी वाचता यावं असं. मी पाकीट मुठीत दाबलं आणि म्हटलं, “हे मी दाखवणार नाही. पोरीचा खाजगी मामला आहे.” पंच म्हणाले, “बाई, मग तुमच्या शाळेला खेळवता येणार नाही.” मी म्हटलं, नका खेळवू. ते म्हणाले, चिठ्ठी तरी दाखवा. मी म्हटलं, तुम्हाला एकट्याला, त्या खोलीत चला, दाखवते. ते सर म्हणाले, एकट्याला का, सगळ्यांसमोर दाखवा, लपवण्यासारखं काय आहे? माझी जीभ सुटायच्या बेतात होती. झाडाखाली आई उभी राहिलेली दिसली, डबा तिच्या हातातून घसरला होता. मला वाटलं, संपलं. पोरगी आज घरी जाणार, माझ्या शहाणपणामुळं.

तेवढ्यात माझ्या कोपराजवळून आवाज आला.

“ती गोळी माझी हाय.”

पोरगी होती. गळ्यात शिट्टी घातलेल्या पंचांच्या छातीपर्यंतसुद्धा तिची उंची नव्हती. “मला फिट यायची. ही गोळी खाते म्हणून आता येत न्हाई. डॉक्टरांनी खेळ म्हणून सांगितलंय.” आवाज मोठा होता, पार मैदानाकडेच्या दोरीपर्यंत ऐकू गेला.

आणि काय सांगू! ‘फिट’ हा शब्द ऐकल्याबरोबर त्या सरांनी खाली वाकून पायातली चप्पल काढली. विचार न करता. आपल्याकडं माणसाचा हात आपोआप तिकडंच जातो. चप्पल हातात धरून ते पोरीकडं दोन पावलं आलेसुद्धा.

पोरगी म्हणाली, “सर, चप्पल घाला पायात. मी नुस्ती बोलतीय.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. सर चपलेकडं बघायला लागले, जणू ती त्यांच्या हातात कुणी दुसऱ्यानंच दिली होती. मी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आमच्या चौदा पोरींकडं बघितलं. आता त्या काय म्हणतील, ‘कांदा’ म्हणतील का, मागं सरकतील का, माझा जीव टांगणीला. सगळ्यांच्या कपाळावर आठ्या होत्या. खांबावर सूर मारणारी थोराड पोरगी पुढं आली.

“म्हंजी खरी गोळी हिला एकटीलाच?”

“हो.”

“आन् आमाला?”

“आवळा.”

अगं बया, काय तो गलका! “नुस्ता आवळा?” “चार महिने?” “सिस्टर, तुमी आमाला फसवलं!” “मी त्याच्यावर गणिताचा पेपर दिला वो!” एक तर रडायलाच लागली. फिटचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. आपल्याला खरं औषध मिळालं नाही आणि हिला मिळालं, याचं दुःख. एकीनं नव्या पोरीला तिथल्या तिथं विचारलं, “कडू असती का गं?” नवी पोरगी म्हणाली, “लय कडू.” तेव्हा कुठं त्यांचा राग थोडा निवळला. मागून सुभेदार हळू आवाजात म्हणाले, “मेडिकल, आन् माजा गुडघा?” मी म्हटलं, आवळाच. त्यांनी गुडघा एकदा वाकवून बघितला. मग म्हणाले, “पण फरक हुता.”

पंचांनी बाजूला जाऊन चिठ्ठी वाचली, घडी करून मला परत दिली आणि त्या सरांना सांगितलं की तक्रारीत काही दम नाही. सामना सुरू करा.

हे सगळं छान झालं, पण मला आईकडं बघायचा धीर होत नव्हता. तिनं सगळं ऐकलं होतं. तिच्यासोबत आणखी शंभर-दोनशे माणसांनी ऐकलं होतं, त्यात लोणंदकडचेही असणार. शेवटी बघितलं. ती झाडाखाली उभीच होती. पदर तोंडाशी धरलेला. बाजूच्या दोन बायका तिच्याकडं बघून आपसात काही बोलत होत्या. पोरगीही बघत होती. खेळायला गेली नव्हती, रेषेवर थांबली होती. दोघी तशाच किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. पंच शिट्टी तोंडात धरून वाट बघत होते आणि मीही बघत होते. माझ्या हातात काही नव्हतं. जी बाई बंद खोलीत, खिडकी लोटून ‘ते’ म्हणाली होती, तिला मी काय समजावणार?

मग आईनं तोंडावरचा पदर काढला, खोचला आणि पार मैदानापलीकडं ऐकू जाईल अशी हाक मारली.

“अगं ए! सकाळची गोळी घेतलीस का?”

सगळं मैदान वळून बघायला लागलं.

“घेतली!” पोरगी ओरडली.

“मग पळ की!”